रतनगडावरचे दोन घोट

सन बेचाळीसच्या मार्चमध्ये आमची सिग्नल सेक्शन नगरहून भंडारदऱ्याला निघाली. दोन लॉऱ्या, सतरा माणसं, तीन हेलिओ आणि एक वायरलेस सेट. वायरलेस सेट राजूरच्या अलीकडे बंद पडला तो पडलाच. कॅप्टन साहेबांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण त्यांचा सगळा भरवसा हेलिओवर होता.

हेलिओ म्हणजे तिवईवर बसवलेला आरसा. उन्हाची तिरीप धरून समोरच्या ठाण्यावर पाडायची आणि चावी दाबून आरसा हलवायचा. लांब चमक, छोटी चमक, त्यातून एकेक अक्षर. ऊन असलं की कित्येक मैलांवर निरोप जातो. ढग आला की तो नुसता आरसा, दाढी करायला बरा.

माझं काम असं ठरलं होतं. दोन माणसं घेऊन रतनगडावर चढायचं, माथ्यावर नेढ्यापाशी ठाणं लावायचं आणि एक दिवस धरणाशी बोलायचं. नेढं म्हणजे गडाच्या शेंड्याजवळ कातळाला पडलेलं आरपार भोक. आत दहाबारा माणसं सहज बसतील. तिथून धरणाचं पाणी लख्ख दिसतं. कॅप्टन साहेब धरणावर राहणार होते, ते कंट्रोल. हवालदार पठारे चार माणसांसह गडाच्या पायथ्याला रतनवाडीत, अमृतेश्वराच्या देवळाशी थांबणार होते.

मी तेव्हा लान्स नाईक होतो. दंडावर एक फीत, तीही सहा महिन्यांची. फीत नवी असली की माणूस जरा जास्तच ताठ चालतो, तसा मी चालत होतो.

बरोबरच्या दोघांतला एक युसूफ शेख, नगरच्या झेंडीगेटचा. हेलिओवर त्याचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा साफ होता, पण चढावर त्याचा जीव जायचा. दुसरा सिपाही लहानू झडे. तो रतनवाडीचाच. गडाच्या सावलीत वाढलेला. बुटका, काटक, बोलायला कमी. डोंगराला लागला की पुढे दिसायचा तो फक्त त्याच्या पाठीवरचा पिठ्ठू, सामानाची पिशवी. कॅप्टन साहेबांनी त्याला मुद्दाम माझ्याकडे दिला होता, कारण गडाची वाट त्याच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती.

लहानूची दहा दिवसांची रजा मंजूर झालेली होती. कसरत, म्हणजे हा फौजी सराव, संपली की दुसऱ्या दिवसापासून. बायकोला सातवा महिना होता. त्यांचं पहिलं मूल वरचा ओठ फाटलेलं जन्माला आलं होतं. त्याला दूध ओढता येईना. बाराव्या दिवशी गेलं. वाडीतल्या बायका म्हणाल्या, ग्रहणात विळी हातात धरली असणार. तिनं धरली होती की नव्हती हे तिलाच आठवत नव्हतं. हे सगळं लहानूनं मला लॉरीत एकदाच सांगितलं, आणि पुन्हा विषय काढला नाही.

कसरतीच्या आदल्या दिवशी आम्ही गड चढलो. वाट रानातून जाते, प्रवरा चारपाच वेळा ओलांडावी लागते, आणि शेवटी कातळ. कातळातल्या पायऱ्या इंग्रजांनी गड घेतल्यावर सुरुंग लावून उडवल्या असं लहानू म्हणाला. तिथे वाडीतल्या लोकांनी सागाच्या दोन शिड्या वेलींनी आवळून लावल्या होत्या. वर गणेश दरवाजा, मग ढासळलेला तट, पडके चौथरे, पुरुषभर गवत. कातळात खोदलेली पाण्याची टाकी मात्र भरलेली. त्यातलं पाणी काळं दिसायचं आणि प्यायला गोड. चार वाजता आम्ही रत्नादेवीच्या गुहेत सामान टाकलं.

चुलीवर भात शिजत होता तेव्हा युसूफनं विचारलं, "ही रत्नाबाई कोण रे?"

लहानूनं तिच्यापुढे उदबत्ती लावली होती. तो म्हणाला, "आमची आई हाय ती. पर गड तिच्या आधीचा हाय. ह्यो राहूचा कंठ."

"कुणाचा?"

"राहूचा. देवादैत्यांनी समुद्र घुसळला, अमृत निघालं. पंगत बसली नेवाशाला, वाढाय मोहिनी. राहू गपचूप देवांच्या पंगतीत जाऊन बसला. चंद्रसूर्यानं चहाडी केली. अमृत घशाखाली उतरतंय तोवर चक्र आलं आन मुंडकं उडालं. मुंडकं पडलं राहुरीला. कंठ पडला हितं. कंठातलं अमृत गळलं ती परवरा."

"म्हंजी आपण राक्षसाच्या नरड्यात झोपायचं?" युसूफ म्हणाला.

लहानू हसला. मीही हसलो. माझं गाव पारनेरकडचं, आमच्याकडे राहू म्हणजे पंचांगातला एक शब्द. इथे तो दगडाचा होता, आणि त्याच्यावर आम्ही भात शिजवत होतो.

खाली रतनवाडीत होळी पेटलेली ठिपक्याएवढी दिसत होती. पहाटे चंद्रग्रहण होतं. लहानूनं त्या रात्रीचा भात खाल्ला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, वेध लागलेत. ते मला समजत होतं. माझी आईही वेध पाळायची.

पहाटे पाच वाजता आम्ही उठलो. चंद्र जवळजवळ सगळा झाकला होता. तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा रंग. कोकणाच्या अंगाला तो खाली खाली जात राहिला आणि ग्रहण सुटायच्या आतच मावळला. पावणेसातला उजाडलं होतं.

मी लहानूला म्हणालो, "सुटला. चल, चहा टाक."

"सुटला न्हाई, नाईक. तसाच बुडाला."

"मंग?"

"खालनं वाडीतनं बघितलं तर चंद्र गडातच गेला. राहूच्या कंठात हाय तो आता. सांजच्याला तलावाकडनं निघंल तवा मोकळा. तवर आमच्यात कंठाखाली काय उतरवत न्हाईत. अन्न न्हाई, पानी न्हाई."

पुढे मी त्या खोऱ्यात बऱ्याच जणांना विचारलं. काहींनी असा नेम आहे म्हटलं, काहींनी ऐकलाही नव्हता. लहानूच्या घरात होता, एवढं खरं.

"पोटुशी बाईनं कसं राहायचं दिवसभर?" मी विचारलं.

"म्हणून तर. ती न्हाई राहायची. तिचा नेम मी घेतला."

युसूफ तिवई मांडत होता. तो तिथूनच म्हणाला, "लहानू, आमच्यात रोजा असतो. पर सफरीत असला, आजारी असला, तर माफ असतंय. मागनं फेडायचा. तुमच्यात न्हाई का तसं?"

"हाय की. पर मागल्या बारीला माफ करून बघितलं." एवढंच बोलून लहानू पाण्याची बाटली भरायला टाक्याकडे गेला. बाटली भरणं हा हुकूम होता. ती त्यानं काठोकाठ भरली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या वेळी आम्हाला पाण्याची शिस्त शिकवत. बाटलीला हुकमाशिवाय तोंड लावायचं नाही. चार तासांनी पाण्याची परेड, तेव्हा मोजून घोट. जो कमी पितो तो पक्का जवान, असं कॅप्टन साहेबही म्हणायचे आणि हवालदार पठारेही. त्यामुळे न पिणारा माणूस आमच्यात कुणाच्या डोळ्यावर यायचा नाही. उलट शाबासकी मिळायची. आज हे ऐकून डॉक्टर लोक कपाळाला हात लावतात.

तरीही लहानू काय करतोय हे मला कळत होतं. मी तसं कंट्रोलला कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर हवालदारांनी त्याला खाली बोलावलं असतं, चार्ज लावला असता, आणि रजा गेली असती. लहानूनं मला तेवढंच सांगितलं: "नाईक, लिहू नका." मी लिहिलं नाही.

सात वाजता ऊन आलं. युसूफनं धरणावर चमक पाडली. दोन मिनिटांत पलीकडून उत्तर आलं.

"फोर्ट, ओके. सगळे हजर?"

"कंट्रोल, तीन हजर."

नऊ वाजता कंट्रोलनं कसरतीचा पुढचा भाग सुरू केला. हेलिओ बंद धरायचा, जणू ढग आलेत. निरोप आता रनरनं देवळापर्यंत न्यायचे, तिथून होडीनं धरणावर. परतीचं उत्तर देवळापाशी हवालदारांकडून घेऊन रनरनंच वर आणायचं. प्रत्येक फेरीची वेळ लिहायची.

पहिल्या फेरीला लहानू गेला. नऊ वाजून पाच मिनिटांनी शिडीवरून उतरला आणि बारा चाळीसला उत्तर घेऊन परत आला. उतरून, थांबून, चढून तीन तास पस्तीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं आणि मनातून फुशारलो. दुसऱ्या गडावर दुसरी तुकडी होती, तिथला नाईक माझ्याच भरतीचा. त्याचा रनर एवढ्यात येणं शक्य नव्हतं.

लहानूच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. शर्ट पाठीला चिकटून वाळला होता, त्यावर मिठाचे डाग.

"घरी गेल्तास का?" मी विचारलं. देवळापासून त्याचं घर हाकेच्या अंतरावर होतं.

"न्हाई. ड्युटीवर हाय मी."

बारा पंचेचाळीसला पाण्याची परेड होती. आम्ही तिघं रांगेत उभे राहिलो. तीन माणसांची रांग म्हणजे गंमतच, पण नियम तो नियम. मी हुकूम दिला, "बाटली काढ. चार घोट." मी प्यालो. युसूफ प्याला. लहानू बाटली हातात धरून उभा राहिला.

मी म्हणालो, "लहानू, हुकूम हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाटली तोंडाला लावली आणि एक चूळ भरून घेतली. त्याचा गळा हलला नाही. गाल फुगलेले तसेच राहिले. मी "फॉल आउट" म्हणालो. तो शांतपणे नेढ्याच्या पलीकडे गेला. थोड्या वेळानं मी तिकडे गेलो तेव्हा कातळावर ओला डाग होता आणि तो माझ्यादेखत वाळत चालला होता.

मी परत आलो आणि लॉग-बुकात लिहिलं: १२४५, पाण्याची परेड, सर्व प्यायले.

ही चूक माझी. त्यानं हुकूम मोडला नाही, तोंडाला पाणी लावलं. मीही हुकूम दिला, हे कागदावर आलं. दोघांनी मिळून एकमेकांना सांभाळून घेतलं असं मला त्या वेळी वाटलं. बरंही वाटलं, हे लपवत नाही.

दुसरी फेरी एक वाजता. ती खरं तर युसूफची. युसूफ बूट आवळत होता. मी हिशेब केला की युसूफला जाऊन यायला पाच तास लागतील. संध्याकाळी कॅप्टन साहेब वेळा वाचतील तेव्हा माझ्या ठाण्याची वेळ सगळ्यांत वाईट निघेल.

"लहानू, जमंल का आणखी एकदा?" मी विचारलं.

"जमंल की."

"नाईक, मी जातो," युसूफ म्हणाला. "त्याचं तोंड बघा."

"तू हेलिओवर बस," मी म्हणालो.

लहानूनं निरोपाचा लिफाफा खिशात घातला आणि निघाला. शिडीवरून उतरताना त्याची भरलेली बाटली कातळाला लागून ठक ठक वाजत होती.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी मी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा तो डोंगराच्या शेवटच्या सोंडेवर आला होता. मला वाटलं, पहिल्या फेरीपेक्षाही लवकर येतोय. मग तो थांबला. खाली बसला. उठला आणि दहाबारा पावलं उतारानं उलट दिशेला गेला. पुन्हा फिरला. एक बूट काढला आणि हातात घेऊन चालू लागला. शिडीच्या तळाशी आला, पायरीला हात लावला आणि तिथेच आडवा झाला.

"युसूफ, हेलिओ चालू कर. कंट्रोलला सांग, एक कॅज्युअल्टी, डॉक्टर पाठवा."

मी शिडी उतरलो. लहानूचं अंग तापलेल्या तव्यासारखं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. मी त्याला पाठीवर बांधला आणि वर घेतला, कारण खाली सावली नव्हती. गणेश दरवाजाच्या आत गार होतं. तिथे निजवलं. कपडे सैल केले. त्याचीच बाटली उघडून डोक्यावर, छातीवर पाणी ओतलं. तो डोळे उघडून माझ्याकडे पाहत होता, पण मी त्याला दिसत होतो असं वाटलं नाही.

वरून युसूफ ओरडला, "नाईक! कंट्रोल विचारतंय, कसरतीतली कॅज्युअल्टी का खरी?"

त्या दिवशीच्या कसरतीत दोन खोट्या कॅज्युअल्टी ठरलेल्या होत्या. एक आमच्या ठाण्यावर साडेचारला. मी ते विसरून गेलो होतो.

"खरी सांग! खरी!"

युसूफनं ते तीनदा पाठवलं. पलीकडून पुन्हा प्रश्न आला, नाव काय, कारण काय, सांकेतिक शब्द द्या. सांकेतिक शब्द कुणी ठरवलेलाच नव्हता. बारा मिनिटं त्यात गेली. शेवटी युसूफनं आपल्या मनानं साध्या इंग्रजीत पाठवलं, माणूस मरतोय. मग उत्तर आलं, डॉक्टर निघाले. धरणापासून होडीनं रतनवाडी आणि तिथून गड. म्हणजे रात्र. हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं, म्हणजे दोघांना.

मी बाटली त्याच्या ओठाला लावली. त्यानं दात घट्ट मिटले. मी बोटांनी उघडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मी म्हणालो, "लहानू, पी. हुकूम हाय." त्यानं मान वळवली. मी शिव्या दिल्या. मग आईची आण घातली. काही उपयोग नाही.

चार पस्तीसला तो पहिल्यांदा बोलला. जीभ जड झाली होती, पण शब्द कळले.

"उगावला का?"

दरवाजाबाहेर ऊन कातळावर रखरखत होतं. चंद्राला अजून दोन तासांच्या वर अवकाश होता.

"उगावला," मी म्हणालो.

"अख्खा?"

"अख्खा."

त्यानं तोंड उघडलं. मी बाटली तिरकी केली. या वेळी मी गळ्याकडेच पाहत होतो. गळा एकदा हलला. पुन्हा हलला. दोन घोट. तिसरा बाहेर आला. त्यानं हातानं माझं मनगट धरलं होतं ते सैल झालं. पाच वाजून वीस मिनिटांनी लहानू गेला. मी घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. लॉग-बुकात अक्षर नीट यावं म्हणून मी पेन्सिलीला टोक काढलं, हे मात्र चांगलं आठवतं.

हवालदार पठारे आणि वाडीतली आठ माणसं अर्ध्या वाटेवर भेटली. शिड्यांवरून त्याला दोरानं उतरवला होता, पुढे झोळी केली. प्रवरेच्या पात्रात होतो तेव्हा चंद्र वर आला. झोळी वाहणाऱ्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुढे चालू लागले. डॉक्टर देवळापाशी येऊन बसले होते. त्यांनी नाडी पाहिली, कागद लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अग्नी दिला. ग्रहणामुळे धुळवड एक दिवस पुढे गेली होती, पण वाडीत कुणी राख उडवली नाही. निघण्याआधी मी त्याच्या घरी गेलो. आई उंबऱ्याशी बसली होती. बायको सखू आतल्या अंधारात, भिंतीला टेकून. दोन्ही हात पोटावर.

आईनं मला बसायला सांगितलं नाही. ती म्हणाली, "दादा, एक इचारते. खरं सांग. त्यानं पानी घेतलं का?"

मला आधी प्रश्न कळलाच नाही. मला वाटलं, ती विचारतेय की तहानेनं मेला का. मग मी आत पाहिलं. सखूनं श्वास धरून ठेवला होता. नेम मोडला का, हे तिला ऐकायचं होतं. तिच्या पोटात सात महिन्यांचं मूल होतं, आणि आधीचं कसं गेलं ते तिनं पाहिलं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "एक थेंब न्हाई."

सखूनं श्वास सोडला. आई म्हणाली, "मंग पावलं." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी सॅल्यूट केला.

आठवड्यानं नगरला कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. टेबलामागे तीन अधिकारी. त्यांनी लॉग-बुक उघडलं.

"१२४५ला जवानानं पाणी प्यायलं?"

"होय, साहेब."

"तुम्ही पाहिलं?"

"पाहिलं, साहेब."

"त्यानंतर?"

"१६३५ला दोन घोट, साहेब."

उन्हामुळे मृत्यू, दोष कोणाचा नाही, असा निकाल झाला. युसूफला बाहेर बसवलं होतं. त्याला आत बोलावलंच नाही. बाहेर आल्यावर त्यानं मला बिडी दिली आणि माझी पेटवून दिली. दोन महिन्यांनी मला दुसरी फीत मिळाली. पुढे आम्ही बर्मात गेलो. युसूफ तिथे एका नदीच्या काठी तोफगोळ्यानं गेला. त्याचं नाव दगडावर कोरलेलं आहे. लहानूचं कुठेच नाही, कारण तो कसरतीत गेला.

मे महिन्यात सखूला मुलगी झाली. रतनवाडीहून हवालदारांना पत्र आलं आणि त्यांनी ते मला वाचून दाखवलं. मुलगी ठणठणीत. ओठ, नाक, सगळं जिथल्या तिथे. नाव रतन ठेवलं. आजी सगळ्यांना सांगते, बापानं घशाखाली थेंब उतरवला नाही म्हणून पोर धड आलं.

पत्र ऐकून मी बराकीमागे जाऊन बसलो. दोन घोट प्याला होता तो. मी पाहिलं होतं. सूर्य चांगला वर होता. तरी पोर धड आलं. म्हणजे सकाळी सात वाजता चहा घेतला असता तरी आलं असतं. पावणेएकला चूळ थुंकली नसती तरी आलं असतं. हे जगात मला एकट्याला ठाऊक होतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा लहानूचा राग आला, आणि मग माझा. माझा राग अजून गेलेला नाही.

फौज सोडल्यावर मी दरवर्षी एकदा रतनवाडीला जात राहिलो. गडावर पुन्हा चढलो नाही. आजी गेली, सखू गेली. रतन मोठी झाली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. ती मला काका म्हणते. प्रत्येक ग्रहणाला ती बापाचा नेम पाळते, आणि आल्यागेल्याला अभिमानानं सांगते.

मागच्या वर्षी गेलो तेव्हा तिची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली होती. दोन दिवसांवर ग्रहण. रतन सांगत होती की आता अंगात ताकद नाही, पण नातवंडासाठी नेम घेणार, बापानं माझ्यासाठी घेतला तसा. तिला साखरेचा आजार आहे. पाय सुजलेले होते.

मी म्हणालो, "रतन, प्यालता तो."

"कोण?"

"तुझा बाप. मी पाजलं. चंद्र उगावला म्हणून खोटं बोललो आन पाजलं. उजेड हुता चांगला. तुझ्या आजीला मी खोटं सांगितलं."

ती गव्हातले खडे निवडत होती. हात थांबले. आत तिची लेक झोपली होती. मला वाटलं, आता म्हणेल, जा इथून. मी टोपी उचललीही होती.

"किती प्याले?" तिनं विचारलं.

"दोन घोट."

"गार हुतं का, काका, पानी?"

गडावरची टाकी गार असतात, हे तिला ठाऊक होतं. हो म्हणणं सोपं होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "बाटलीतलं हुतं. दिवसभर उन्हात तापलेलं."